ऑक्टोबर हीट: पाऊस उघडल्यावर कोल्हापूर जिल्ह्यात उकाडा का वाढतो आणि सुगीच्या दिवसांत काय सांभाळायचं

जून ते सप्टेंबर चार महिने घोंगडं, इरलं आणि रेनकोटात काढलेल्या जिल्ह्याला ऑक्टोबर लागला की छत्री उन्हासाठी उघडावी लागते. कालपर्यंत कपडे वाळत नव्हते, आज अंगातला शर्ट घामानं भिजतो. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीसारख्या पावसाच्या तालुक्यांत तर हा बदल दोन-चार दिवसांत होतो. यालाच सगळीकडे ‘ऑक्टोबर हीट’ म्हणतात. गावाकडं कुणी ‘चित्राचं ऊन’ म्हणतं, कुणी नुसतंच ‘लई उकडतंय’ म्हणून मोकळं होतं.

दरवर्षीचंच आहे म्हणून या उकाड्याकडं फारसं कुणी बघत नाही. पण जिल्ह्याची सुगी नेमकी याच पंधरा-वीस दिवसांत असते. सोयाबीन काढणी, भुईमूग उपटणी, भात कापणी, पूर्वहंगामी उसाची लागण, शाळू पेरणी ही सगळी कामं एकदम अंगावर येतात. उन्हाळ्यात माणूस दुपारी घरात बसू शकतो, सुगीत बसता येत नाही. म्हणून तापमानाचा आकडा एप्रिलपेक्षा कमी असला तरी त्रास कमी असतोच असं नाही.

वर्षातून दोनदा चढणारा पारा

कोल्हापूरच्या वर्षभराच्या तापमानाचा आलेख काढला तर त्याला दोन उंचवटे दिसतात. मोठा उंचवटा एप्रिल-मेचा. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की पारा उतरतो आणि ऑगस्टमध्ये दुपारचं कमाल तापमान साधारण २७ अंशांच्या आसपास येतं. सप्टेंबरपासून ते पुन्हा चढू लागतं, ऑक्टोबरमध्ये सरासरी ३१-३२ अंशांवर जातं आणि काही दिवस त्याच्याही वर. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये परत उतरतं. हा दुसरा, छोटा उंचवटा म्हणजे ऑक्टोबर हीट.

सूर्य तर दक्षिणेकडं निघालेला असतो, मग ऊन वाढतं कसं, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. इथं कोल्हापूरकरांना अंबाबाईच्या किरणोत्सवाचं उदाहरण चटकन कळेल. किरणोत्सव वर्षातून दोनदा होतो, ९ ते ११ नोव्हेंबरला आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीला. दक्षिणेकडं जाताना आणि तिकडून परत येताना सूर्य त्याच जागी दोनदा येतो, म्हणून दोन वेळा. तोच हिशेब ऑक्टोबरला लावला तर १५ ऑक्टोबरच्या दुपारी सूर्य आपल्या डोक्यावर जेवढा वर असतो, तेवढाच तो फेब्रुवारीच्या अखेरीस असतो. म्हणजे ऊन शिवरात्रीच्या सुमाराचं. ते काही भट्टीचं ऊन नव्हे. उलट सूर्य कोल्हापूरच्या बरोबर डोक्यावर येतो तो मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. ऑगस्टमध्ये ढगांमुळं ते कुणाला कळतही नाही.

तेव्हा ऑक्टोबरमध्ये सूर्य जवळ येत नाही, मधला ढगांचा पडदा निघून जातो. चार महिने अडवलेलं ऊन सरळ जमिनीवर पडायला लागतं.

दुसरं कारण वाऱ्याचं. पावसाळ्यात समुद्रावरचा पश्चिमेचा वारा घाट चढून सतत वाहतो. मान्सून माघारी फिरला की तो पडतो. पूर्वेकडचा, पठारावरचा कोरडा वारा अजून जोर धरायचा असतो. या मधल्या दिवसांत पान हलत नाही अशी अवस्था असते.

तिसरं कारण जमिनीतल्या ओलीचं, आणि आपल्या जिल्ह्यात तेच सगळ्यात महत्त्वाचं म्हणावं लागेल. चार महिन्यांच्या पावसानं शिवार भिजलेलं, ओढे-नाले भरलेले, भाताच्या खाचरांत पाणी, वर हजारो हेक्टर हिरवा ऊस. कडक ऊन पडलं की या सगळ्यातून वाफ उठते. हवेत दमटपणा भरतो आणि वारा नसल्यानं तो तिथंच राहतो. दहा-बारा फूट वाढलेल्या उसात पाचट काढायला शिरलेल्या माणसाला विचारा. आत श्वास कोंडतो, बाहेर आल्यावर तेच ऊन थंड वाटतं.

हे पहिल्या पंधरवड्याचं चित्र झालं. पाऊस खरोखरच थांबला तर जमीन वाळत जाते. मग उन्हाची जी उष्णता पाणी उडवण्यात खर्च होत होती ती थेट हवा तापवायला लागते. पारा वर जातो, पण घाम वाळायला लागतो. म्हणून ऑक्टोबर हीटचे दोन चेहरे असतात, आधी चिकचिक आणि नंतर चटका. महिनाअखेरीला दुपार कडक पण पहाटे अंगावर चादर, गवतावर दव आणि पंचगंगेच्या काठानं धुकं दिसायला लागलं की ऋतू वळला असं धरून चालायला हरकत नाही.

३२ अंश म्हणजे किती?

मोबाईलवर ३२ अंश दिसतात आणि अंगाला चाळिशीचं ऊन लागतं, अशी तक्रार या दिवसांत सर्रास ऐकू येते. ती खोटी नाही. माणसाचं शरीर घाम वाळवून थंड होतं. हवेत आधीच बाष्प जास्त असेल तर घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. हवामान शास्त्रात यासाठी उष्मा निर्देशांक वापरतात. हवेचं तापमान ३२ अंश आणि आर्द्रता ४० टक्के असेल तर शरीराला साधारण ३३ अंशांसारखं वाटतं. तेच ३२ अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर ३८ अंशांसारखं. हे आकडे सावलीतले आहेत. भर उन्हात उभं राहिलं तर त्यावर आणखी आठ अंशांपर्यंत भर पडू शकते.

आता यातली खरी अडचण बघा. भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश झाल्याशिवाय उष्णतेची लाट धरली जात नाही. किनारपट्टीला हा आकडा ३७ आहे. कोल्हापूरचा ऑक्टोबर ४० ला पोचत नाही. म्हणजे कागदावर लाट नाही, इशारा नाही, आणि उन्हाळ्यात शाळा सकाळची होते किंवा रोजगार हमीच्या कामाच्या वेळा बदलतात तसं इथं काही होत नाही. पत्र्याच्या वर्गात मुलं सहामाही परीक्षा देत असतात आणि रोजंदारीवरच्या बायका दुपारी बाराला रानात असतात. सरकारी व्याख्येत न बसणारा उकाडा असल्यानं काळजी घ्यायची ती घरातल्यांनी, शेतमालकानं आणि ग्रामपंचायतीनं.

त्यात शरीराची सवय मोडलेली असते. मार्च-एप्रिलमध्ये ऊन हळूहळू वाढतं, त्यामुळं शरीर तयार होत जातं. ऑक्टोबरच्या आधी मात्र चार महिने गारव्यात गेलेले असतात. उन्हात काम करायची सवय परत व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. कामावर उष्माघात होणाऱ्यांत पहिल्या काही दिवसांतलेच कामगार जास्त असतात, असं कामगार आरोग्याच्या नोंदी सांगतात. म्हणून पुण्या-मुंबईहून सुगीला सुट्टी काढून आलेल्या पोरांनी पहिल्याच दिवशी दिवसभर कोयता-विळा चालवायची ईर्षा करू नये.

शिरोळ आणि गगनबावडा एक नव्हे

जिल्हा एकच असला तरी बारा तालुक्यांचा ऑक्टोबर बारा तऱ्हांचा असतो. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नसलेल्या शिरोळ तालुक्यात साधारण पाचशे. इतका उतार फार कमी जिल्ह्यांत सापडेल.

पश्चिमेकडं, म्हणजे गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड आणि शाहूवाडीच्या डोंगरपट्ट्यात, जांभ्या दगडाची जमीन आहे. ती पाणी धरून ठेवत नाही. पाऊस थांबल्यावर पंधरा दिवसांत सडे आणि पठारं वाळतात, मसाई पठारावरची फुलं संपतात, गवत पिवळं पडायला लागतं. एवढ्या पावसाच्या मुलखातल्या वाड्या-वस्त्यांना पुढं उन्हाळ्यात पाणी का पुरत नाही, याचं एक उत्तर या जमिनीत आहे. इथं दुपारी ऊन लागतं, पण उंचीमुळं रात्र लवकर गार होते. पन्हाळा कोल्हापूर शहरापेक्षा साधारण चारशे मीटर उंच आहे, तेवढ्यानंही दोन-अडीच अंशांचा फरक पडतो.

पूर्वेकडं शिरोळ, हातकणंगले, कागलचा काही भाग आणि गडहिंग्लजच्या काळ्या रानात उलटी गोष्ट. जमीन ओल धरते, त्यामुळं चिकचिक जास्त दिवस टिकते. नदीकाठच्या क्षारपड पट्ट्यात या उन्हानं आणखी एक काम होतं. पाणी वर येऊन उडून जातं आणि त्यातलं मीठ मातीच्या पृष्ठभागावर राहतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरोळच्या काही शिवारांत जमिनीवर पांढरट पापुद्रा दिसतो तो याचाच.

परतीचा पाऊस कधी संपतो

हवामान विभागानं २०२० मध्ये मान्सूनच्या आगमनाच्या आणि माघारीच्या सरासरी तारखा नव्यानं ठरवल्या. राजस्थानच्या वायव्य टोकातून माघार सुरू होण्याची तारीख आधी १ सप्टेंबर होती, ती १७ सप्टेंबर झाली. मुंबईतून माघारीची तारीख सप्टेंबरच्या अखेरीवरून ८ ऑक्टोबरवर आली. आपल्याकडं ही माघार त्यानंतर, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास धरायची. संपूर्ण देशातून मान्सून जाण्याची सरासरी तारीख १५ ऑक्टोबर आहे. जुन्या माणसांच्या डोक्यातलं ‘दसऱ्याला पाऊस संपतो’ हे गणित हल्ली चुकतं त्यामागं हे आहे.

२०१९ साली तर राजस्थानातून माघार सुरूच ९ ऑक्टोबरला झाली. ऑगस्टच्या महापुरानं आधीच मोडलेल्या जिल्ह्याला त्या वर्षी ऑक्टोबरअखेरपर्यंत पाऊस सोसावा लागला. २०२० मध्ये १४ ऑक्टोबरच्या सुमाराला बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा महाराष्ट्र ओलांडून गेला आणि काढणीला आलेली पिकं पाण्यात गेली. याउलट २०२३ चा ऑगस्टच देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला, त्या वर्षी पुढचे महिने ओलीशिवाय काढावे लागले. आणि २०२४ चा ऑक्टोबर हा सरासरी तापमानाच्या हिशेबानं देशातला १९०१ नंतरचा सर्वांत उष्ण ऑक्टोबर असल्याचं हवामान विभागानं जाहीर केलं. देशाचं सरासरी तापमान नेहमीपेक्षा सव्वा अंशाच्या आसपास जास्त होतं. सव्वा अंश ऐकायला किरकोळ वाटतो. पण ती अख्ख्या देशाची, दिवस-रात्र मिळून महिनाभराची सरासरी आहे, हे लक्षात घ्यावं.

ऊन आणि पाऊस हे ऑक्टोबरमध्ये एकमेकांचे वैरी नसतात. सकाळी जितकं कडक ऊन आणि जितका दमटपणा, तितके दुपारी तीन-चारनंतर ढग उंच चढण्याची शक्यता जास्त. सकाळपासून वारा बंद, अंगाला चिकचिक आणि दुपारी फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे पांढरे ढग वर वर वाढताना दिसले, तर त्या संध्याकाळी वळवासारखा गडगडाटी पाऊस धरून चालावं.

विजेचं भय

या पावसाबरोबर वीज येते. आणि ती येते त्या वेळी शिवार माणसांनी भरलेलं असतं. ढगांचा आवाज ऐकू आला म्हणजे वीज पडण्याच्या टप्प्यात आपण आलो, असंच समजायचं. चमक दिसल्यापासून आवाज यायला तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर ढग दहा किलोमीटरच्या आत आहे. तेवढ्यात ‘एवढी पेंढी बांधून जाऊ’ म्हणत थांबू नये. शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास तरी बाहेर पडू नये.

आंब्याखाली, चिंचेखाली, एकट्या झाडाखाली उभं राहणं सगळ्यात धोक्याचं. रानातली चार खांबांवरची उघडी खोप, ताडपत्रीचा आडोसा पावसापासून वाचवतो, विजेपासून नाही. पक्कं घर किंवा काचा बंद केलेली चारचाकी चालते. जवळ काहीच नसेल तर माणसांनी एकमेकांपासून अंतर ठेवून, पाय जुळवून उकिडवं बसावं, जमिनीवर आडवं पडू नये. मोटर, तारेचं कुंपण, पाण्यातलं खाचर यापासून लांब व्हावं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपास वीज पडण्याची सूचना देतं. घरातल्या एकाच्या तरी मोबाईलमध्ये ते असावं. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. त्याला हात लावायला घाबरू नका, श्वास बंद असेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा आणि १०८ ला फोन करा.

पिकांचं काय

सगळ्यात आधी सोयाबीन, कारण उन्हाचा पहिला फटका त्यालाच. शेंगा पक्व झाल्या आणि वरून चार दिवस कडक ऊन पडलं की शेंगा तडकतात आणि दाणा रानात सांडतो. म्हणून कापणी सकाळच्या दवात करायची, शेंग थोडी नरम असते तोवर. मळणी मात्र दुपारी, वाळल्यावर. पुढच्या वर्षीचं बियाणं घरचंच ठेवायचं असेल तर ते फार कडक वाळवून जोरात मळू नये. दाण्यात १३-१४ टक्के ओल असताना, मळणी यंत्राचे फेरे मिनिटाला चारशेच्या आत ठेवून केलेली मळणी उगवणीला चांगली. पाऊण-एक तास वाचवायला यंत्र जोरात चालवलं की दाण्याची डाळ होते, आणि वरून अख्खा दिसणारा दाणाही आतून दुखावलेला असतो.

भुईमुगाचं गणित जमिनीच्या ओलीवर. हलक्या-तांबड्या रानात पाऊस थांबून आठ-दहा दिवस ऊन पडलं की माती आवळते आणि वेल उपटताना शेंगा खाली राहतात. पाणी असेल त्यांनी काढणीआधी हलकं पाणी द्यावं, नसेल त्यांनी पैरा जमवून लवकर उरकावं.

भाताबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं. ऑक्टोबरच्या उन्हानं भात पळतं ते क्वचितच. फुलोऱ्यात ३५ अंशांच्या वर तापमान गेलं तर पळिंज वाढतात, पण आपल्या भातपट्ट्यात या दिवसांत तेवढं तापमान सहसा जात नाही. खरा शत्रू उकाडा आणि दमटपणा मिळून येतो, आणि तो म्हणजे तपकिरी तुडतुडे. दाट लावण, साचलेलं पाणी, युरियाचा जादा हात आणि वारा बंद असं जुळून आलं की बुंध्याशी तुडतुडे वाढतात. वरून पीक हिरवंगार दिसतं, मग एके दिवशी शेताच्या मध्ये करपलेलं गोल टक्कल दिसतं. तोवर उशीर झालेला असतो. म्हणून आठवड्यातून दोनदा खाचरात उतरून बुंधे फाकवून बघावेत. एका चुडात दहाच्या आसपास तुडतुडे दिसले तर आधी पाणी काढून टाकावं आणि कृषी सहायकाला विचारून फवारणी बुंध्यावर करावी. शेंड्यावर मारलेलं औषध तुडतुड्याला लागतच नाही.

कापलेलं भात वाळवताना उलटी चूक होते. चांगलं ऊन आहे म्हणून ओलं भात पातळ पसरून एका दिवसात कडक वाळवलं तर दाण्याला आतून बारीक तडे जातात. गिरणीत भरडलं की कणीच जास्त पडते. दोन-तीन दिवसांत, वरचेवर हलवत, भर दुपारी गोळा करून किंवा झाकून वाळवलेलं भात अख्खा तांदूळ देतं. साठवायचं भात १२ ते १४ टक्के ओलीपर्यंत वाळलेलं असावं. दाताखाली कट्‌ आवाज येतो ती जुनी परीक्षा अजून चालते.

आजरा घनसाळला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हे भात उशिरा येतं, दाणे भरण्याचा काळ पावसानंतरच्या गार रात्रींत पडतो. सुवासिक भातांत दाणे भरताना रात्री थंड असतील तर वास चांगला धरतो आणि उष्ण राहिल्या तर कमी होतो, हे अभ्यासांतून दिसलं आहे. म्हणजे ऑक्टोबरचा उकाडा नोव्हेंबरमध्ये लांबत गेला तर प्रश्न पोत्यांच्या संख्येचा राहत नाही, ज्या गोष्टीसाठी घनसाळला भाव मिळतो तिचाच होतो. आजऱ्याच्या शेतकऱ्यांनी रात्रीच्या तापमानावर नजर ठेवायला हवी ती यासाठी.

उसाला हे ऊन दोन तऱ्हांनी लागू पडतं. पूर्वहंगामी लागणीला ते फायद्याचं, कारण ओलीत आणि ऊबेत कांडीचे डोळे लवकर फुटतात, डिसेंबरच्या थंडीत तेच रखडतात. तोडणीला आलेल्या उसाला मात्र कोरडी हवा आणि गार रात्र पाहिजे, तेव्हाच साखर भरते. रात्री उबदार आणि रान ओलं राहिलं तर ऊस वाढत राहतो, पिकत नाही. गाळपाच्या सुरुवातीला साखर उतारा कमी लागतो आणि थंडी पडल्यावर चढत जातो त्याचं कारण हेच.

शाळूची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या खिडकीत करायची असते. ऊन कडक असेल तर वरची चार बोटं माती झपाट्यानं सुकते, तेव्हा वाफसा आला की थांबू नये.

नुकसान झालंच तर एक गोष्ट माहीत असू द्या. एक रुपयात पीक विमा ही योजना २०२५ च्या खरिपापासून बंद झाली आणि राज्यात भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पन्नावर आली. त्यामुळं आपल्या मंडळातला प्रयोग कुठल्या शेतात, कोणत्या दिवशी आहे हे गावानं विचारून घ्यावं आणि हजर राहावं. अतिवृष्टीच्या सरकारी मदतीसाठी तलाठी आणि कृषी सहायकांचा पंचनामा लागतो. पीक उचलण्याआधी तारीख-वेळ दिसेल असे फोटो काढून ठेवावेत.

बंधारे, मोटर आणि लाईट

पाऊस थांबला की आठ-दहा दिवसांत पिकं पाणी मागायला लागतात. आणि नेमक्या त्याच वेळी नद्यांवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे अजून काढलेले असतात. पावसाळ्यात पाणी सरळ जाऊ द्यायचं आणि पावसाळा संपल्यावर बरगे घालून अडवायचं, अशी या बंधाऱ्याची रचना आहे. बरगे लवकर घातले आणि परतीचा पाऊस जोरात आला तर पाणी काठावरच्या पिकांत शिरतं, बरगे काढायला माणसं पळवावी लागतात. उशिरा घातले तर वाहतं पाणी हातचं जातं. पूर्वी हे ठरवणं सोपं होतं, हल्ली माघारीची तारीख पुढं-मागं होत असल्यानं दरवर्षी यावर वाद होतो. दोन्ही बाजूंना थोडं थोडं खरं आहे.

विजेचंही तसंच. घरातले पंखे, दुकानांतले फ्रिज आणि शेतीपंप एकदम सुरू होतात. २०१७ आणि २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये वाढलेली मागणी आणि कोळशाची टंचाई एकत्र आल्यानं राज्यात भारनियमन करावं लागलं होतं. शेतीला कधी दिवसा, कधी रात्री पाळीनं लाईट मिळते. रात्रीच्या पाळीला रानात जाताना बॅटरी आणि गुडघ्यापर्यंतचे बूट विसरू नयेत. दिवसाच्या उकाड्यामुळं साप-किरडूही संध्याकाळनंतरच जास्त फिरतं.

म्हशीचा माज आणि दुधाची किटली

जिल्ह्यातल्या बहुतेक घरांचा आठवड्याचा बाजार दुधाच्या बिलावर चालतो, म्हणून गोठ्याचं स्वतंत्र सांगायला हवं. म्हशीचं कातडं काळं आणि घामाच्या ग्रंथी कमी. तिला उकाडा माणसापेक्षा लवकर लागतो. धाप लागणं, वैरण सोडणं, पाण्याकडं ओढ आणि एक-दोन वेळेला दूध उतरणं ही लक्षणं.

त्याहून महाग पडतं ते दुसरंच. दिवस लहान व्हायला लागले की म्हशी माजावर येतात, सप्टेंबरनंतरचा काळ त्यांचा गाभण राहण्याचा मुख्य हंगाम असतो. उकाडा जास्त असेल तर माज मुका राहतो. म्हैस ओरडत नाही, सोट दिसत नाही, आणि एकवीस दिवस वाया जातात. दोन फेऱ्या गेल्या की पुढच्या वेताचं गणितच बिघडतं. पहाटे आणि रात्री उशिरा, गारव्याच्या वेळी गोठ्यात एक फेरी मारून बघितलं तर मुका माज सापडण्याची शक्यता जास्त.

दुपारी बारा ते तीनमध्ये एकदा अंगावर पाणी मारावं. पत्र्याच्या गोठ्यावर उसाचं पाचट किंवा गवत टाकलं तरी आतली धग बरीच कमी होते, फक्त चुलीपासून आणि वायरिंगपासून ते लांब ठेवावं. हिरवी वैरण दुपारी न टाकता सकाळ-संध्याकाळ टाकावी.

माणसांसाठी

तहान लागायची वाट न बघता अर्ध्या-पाऊण तासानं पाणी प्यावं. रानात काम करणाऱ्या बायका पाणी मुद्दाम कमी पितात, कारण जवळ आडोसा नसतो. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. मूतखडा आणि लघवीच्या जळजळीच्या तक्रारींमागं हे एक मोठं कारण असतं. शेतमालकानं सुगीत चार बांबू आणि दोन जुन्या साड्यांचा आडोसा उभा केला तरी फरक पडतो.

जलसंजीवनीचं पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचाच. ताक आणि कोकमाचं सरबतही चांगलं. डोकं दुखणं, मळमळ, पायात वांब येणं ही सुरुवात असते, तिथंच सावलीत बसावं. माणूस बरळायला लागला, चालताना झोकांड्या जायला लागला किंवा बेशुद्ध पडला तर तो उष्माघात समजून अंगावर भरपूर पाणी ओतत, वारा घालत दवाखान्यात न्यावं. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये.

नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाची रांग, ललित पंचमीची त्र्यंबोलीची यात्रा, जोतिबाचा डोंगर या सगळ्या गर्दीच्या जागा याच उन्हात येतात. उपवास निर्जळी करणाऱ्यांनी आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी दुपारची रांग टाळावी.

उघडीप आणि उकाडा डेंग्यूच्या डासालाही मानवतो. टायर, कुंड्या, फ्रिजच्या मागचा ट्रे, झाकण नसलेली बॅरल यांत साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंड्यापासून डास व्हायला उबदार हवेत आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून कोरडी ठेवायची. तापाबरोबर डोळ्यांच्या मागं दुखत असेल तर ‘उन्हानं झालंय’ म्हणून अंगावर काढू नये, आणि मनानं ॲस्पिरिन-ब्रुफेनची गोळी घेऊ नये. भाताच्या चिखलात काम केल्यावर ताप आणि पोटऱ्या दुखत असतील तर डॉक्टरांना तसं आवर्जून सांगावं, लेप्टोची शंका घ्यायला त्यांना सोपं जातं.

कामाच्या वेळेचा मेळ बसवणं सगळ्यात अवघड. दुपारी ऊन, तीननंतर विजेचा पाऊस, सकाळी दव. उरतात ते सकाळी साडेसहा-सात ते अकरा एवढेच चार-साडेचार तास. भात-सोयाबीनची कापणी त्यात बसते. मळणी आणि वाळवणीला ऊन लागतंच, ती खळ्यावर, घराजवळ, ताडपत्री हाताशी ठेवून करावी. मजुरांना रोजंदारी पूर्ण देऊन काम सहा ते अकरा आणि साडेतीन ते साडेपाच असं दोन तुकड्यांत घेण्याची पद्धत काही गावांत आहे. आकाश स्वच्छ असेल त्या दिवशी ती चांगली चालते.

हवामान विभागाच्या मुंबई केंद्राचा जिल्हावार इशारा दुपारी एकदा बघून घ्यावा. त्यात कोल्हापूर शहर आणि घाटमाथा यांना वेगवेगळे रंग असू शकतात, आपला तालुका कुठल्यात येतो ते आधी पाहावं. पिवळा रंग आणि ‘मेघगर्जनेसह’ एवढे दोन शब्द दिसले तरी खळ्यावरचं भात झाकून मगच जेवायला बसावं.